बारावा छर्रा

सोमवार, ४ जानेवारी १९६०. जयपूर.

नवी नोकरी, नवी वही. कोटाच्या खिशात मावेल अशी मुद्दाम घेतली. सोबत कॉपिंग पेन्सिल. टोकाला जीभ लावून लिहिलं की अक्षर जांभळं उमटतं आणि मग ते खोडता येत नाही. माझ्या निर्णयांना हेच शोभतं. वही फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर वळणदार काढतो आहे. पुढेमागे कुणी माझ्या कामाचा इतिहास लिहायला घेतलाच तर त्याची अडचण नको.

कारखाना बिस्किटांचा, बाईस गोदामाजवळ. मालक सेठ सोहनमलजी. माझा हुद्दा शुद्धता अधिकारी. नेमणूकपत्रात नुसतं 'केमिस्ट' लिहिलंय, पण सेठजींना तेव्हा योग्य शब्द सुचला नसावा. काम: बिस्किटात बिस्किटाखेरीज जे जे जातं ते पकडणं. खडा, सुतळी, तार, केस, माशी. शास्त्रीय भाषेत परकीय पदार्थ. प्रोबेशन तीन महिने. ४ एप्रिलला कायम.

राजा पार्कातल्या बिऱ्हाडात सामान लागलं. विनयाने दोन ट्रंका उघडल्या. तिसरी, मोठी, तशीच. विचारलं तर म्हणाली, अकोल्याला उघडली ती सात महिन्यांत भरली, इटारसीला उघडली ती पाच महिन्यांत भरली. आता कायम झाल्याचं पत्र दाखवा, मग कुलूप काढीन. पुरणयंत्र त्याच ट्रंकेत आहे. म्हणजे तीन महिने पुरणपोळी नाही.

अकोला मी तत्त्वासाठी सोडलं होतं. इटारसीही. तत्त्वं वेगवेगळी होती.

बुधवार, ६ जानेवारी.

कारखाना पाहिला. वर चाळणी. चाळलेलं पीठ लाकडी पन्हळीतून खाली मळायच्या टाकीत घसरतं. मग साचा, मग भट्टी. भाजलेली बिस्किटं लांब टेबलावर येतात आणि तिथे, लिहितानाही संकोच वाटतो, आठ बायका ती हाताने निवडतात. घरी तांदूळ निवडावेत तशी. माणूस आकाशात उपग्रह सोडतो आहे आणि इथे हे.

त्यांची मुख्य भूरीबाई. साठीची, हातात कोपरापर्यंत लाखेच्या बांगड्या, डोळ्याला चष्मा नाही. दोन बिस्किटं घेते, एकमेकांवर टिचकीसारखी वाजवते, कान लावते आणि एखादं बाजूला टाकते. हे काय, म्हणून विचारलं. म्हणाली, बाबूजी, बिस्किट बोलतं. आत काही असलं की त्याचा आवाज बसतो.

वहीत नोंद केली: अंधश्रद्धा. तिने टाकलेलं एक बिस्किट सगळ्यांसमोर मोडून दाखवलं. आत खडा निघाला. योगायोग.

शनिवार, ९ जानेवारी.

संकल्प. तीन महिन्यांत हाताने निवडणं बंद. त्याजागी यंत्र. रोज पहाटे पाचला उठून अर्धा तास इंग्रजी तांत्रिक वाचन. तपकीर बंद. सुपारी फक्त जेवणानंतर.

रविवार, १० जानेवारी.

साडेआठला उठलो. रविवार धरायचा नसतो.

गुरुवार, १४ जानेवारी. संक्रांत.

इथे संक्रांतीला माणसं जमिनीवर राहत नाहीत. अख्खं जयपूर गच्चीवर आणि आभाळ पतंगांनी भरलेलं. दुपारी एक कटलेला पतंग कारखान्याच्या झरोक्यातून आत आला आणि त्याचा मांजा थेट पिठावर. मांज्याला काचेची पूड असते. मी तात्काळ वर्तुळ आखून पाहणी सुरू केली. तोवर भूरीबाईने मांज्याखालचं सगळं पीठ टोपलीत भरून बाहेर नेऊन फेकलंही होतं. पुरावा नष्ट. तिला समज दिली. ती म्हणाली, थे चिंता मत करो बाबूजी. मला मारवाडी येत नाही, पण माफीच मागत असावी.

बिस्किटाच्या कारखान्यापासून पाव मैलात पतंग उडवायला बंदी असावी, असा अर्ज नगरपालिकेला लिहिला. चार पानं.

विनयाने बायकांना वाटायला तिळगूळ दिला होता. खिशात टाकून नेला, पण पोचेपर्यंत खिशात फक्त पुडीचा कागद. चोरी तरी कुठल्या थराला गेली आहे.

शुक्रवार, १५ जानेवारी.

कालच्या मालात काही बिस्किटं तिळाची निघाली. कशी, ते कोणालाच कळेना. सेठजींना ती आवडली. मी गंभीर चेहरा ठेवून, बघू, एवढंच म्हणालो. श्रेय घेण्याची घाई नसावी.

घरी विनया म्हणाली, कोटाचा उजवा खिसा फाटून राहिला आहे, आणा, दोन टाके घालते. मी म्हणालो, कोट हा पदाचा भाग आहे. अधिकारी एक दिवससुद्धा कोटाशिवाय दिसता कामा नये. ती म्हणाली, मग रविवारी आणा. रविवारी मी तो घरात घालतो. सवय मोडू नये.

गुरुवार, २१ जानेवारी.

चांदपोलच्या भंगारवाल्याकडे जुन्या लाउडस्पीकरातले दोन लोहचुंबक मिळाले. दणदणीत. दुकानाच्या दारातच माझ्या सायकलची किल्ली ओढून घेतली. हीच ती शक्ती.

कल्पना अशी. पन्हळीच्या तळाशी चुंबक. त्यावर तांब्याच्या दोन पट्ट्या, मध्ये बोटभर फट. पिठातून लोखंडाचा कण आला की चुंबक तो ओढणार, दोन पट्ट्या जोडल्या जाणार, वीज वाहणार आणि घंटा वाजणार. नाव: शुद्धिघंटा. विनयाला आकृती काढून दाखवली. ती मेथी निवडत होती. म्हणाली, आणि खडा आला तर? खडा लोखंडाचा नसतो ना. मी म्हणालो, तो पुढचा टप्पा. आणि केस? तोही पुढचा टप्पा. आणि सुतळी, म्हणाली. मी आकृती मिटली. शास्त्रात एका वेळी एकच प्रश्न घ्यायचा असतो हे मेथी निवडणाऱ्या माणसाला समजावणं कठीण.

मंगळवार, २ फेब्रुवारी.

शुद्धिघंटा बसली. रामपाल मिस्त्रीने तारा जोडल्या. तो दिवसभर हसत होता, स्वभाव आनंदी दिसतो. साडेअकराला पहिल्यांदा घंटा वाजली. सगळा कारखाना धावला. चुंबकावर सायकलची किल्ली, माझीच. वाकून पाहताना पडली असावी. म्हणजे यंत्र चालतं.

सेठजी बघायला आले. त्यांच्या बंडीच्या खिशात वडिलांचं साखळीचं घड्याळ असतं. अगदी खाली वाकून त्यांनी चुंबक पाहिला. प्रभावित झाले. तीन वाजता पुन्हा आले आणि म्हणाले, घड्याळ सव्वाबारावरच आहे. मी म्हणालो, जुनी घड्याळं अधूनमधून विश्रांती घेतात.

सोमवार, ८ फेब्रुवारी.

सेठजींचं घड्याळ अजून विश्रांती घेत आहे. कामाच्या पाळीचा भोंगा ते त्या घड्याळावर देतात, त्यामुळे आज बायका पाऊण तास उशिरा सुटल्या. भूरीबाई माझ्याकडे बघत होती. माझा काय संबंध?

मंगळवार, ९ फेब्रुवारी.

गंभीर घटना. एक बिस्किट जांभळं निघालं. पूर्ण नव्हे, मधोमध रुपयाएवढा जांभळा डाग आणि डागात काळा कण. भूरीबाईने आवाजावरून काढलं म्हणे. शुद्धिघंटा वाजली नव्हती, अर्थात कण लोखंडाचा नसणार.

तपास केला. संशय क्रमांक एक, बायकांच्या ओढण्यांचा रंग. संशय क्रमांक दोन, होळीचा रंग, पण होळीला महिना आहे. पूर्वतयारी म्हणून कोणी आणला असेल. आठही जणींच्या जबान्या वहीत लिहून घेतल्या. लिहिता लिहिता पेन्सिलीचं टोक पुन्हा मोडलं. या आठवड्यात तिसऱ्यांदा. हल्लीचा माल. टोकं कुठे जातात कोण जाणे.

जबानी देताना सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे एकटक बघत होत्या. अधिकाराचा परिणाम. घरी विनया म्हणाली, ओठ पुसा, जांभूळ खाल्ल्यासारखे दिसता.

गुरुवार, १८ फेब्रुवारी.

बिस्किटात बटण. काळं, चार भोकांचं, हाडाचं. भूरीबाईनेच काढलं, ही बाई हल्ली मुद्दाम करते असं वाटतं. पुन्हा तपास. बायकांच्या कपड्यांना बटणं नाहीत. रामपालच्या सदऱ्याची पांढरी. सेठजींची सोन्याच्या मुलाम्याची. काळ्या हाडाच्या बटणांचा कोट या कारखान्यात घालतो कोण? प्रकरण गूढ आहे.

संध्याकाळी विनयाने विचारलं, तुमचं खालचं बटण कुठे गेलं. मी म्हणालो, आधी कारखान्यातल्या बटणाचा तपास लागू दे.

शनिवार, २७ फेब्रुवारी.

भाग्य उघडलं. सेठजींनी बोलावून कागद दाखवला. फौजेच्या रसदीसाठी बिस्किटं हवी आहेत. मोठं कंत्राट. २४ मार्चला एक मेजरसाहेब कारखाना तपासणार. माल शुद्ध ठरला तर कंत्राट. सेठजी म्हणाले, साइंस बाबू, हे झालं तर तुम्ही कायम. नाही झालं तर मग आपण दोघांनीही विचार करू. दोघांनी का, ते समजलं नाही. मी तर विचार करून बसलोच आहे.

कागदावर मेजरसाहेबांचं नाव वाचलं आणि धन्य झालो. सर्जेराव घोरपडे. मराठी माणूस. परमुलखात मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की अर्धं काम तिथेच झालं. दोन शब्द गावाकडचे, एक तंबाखूचा बार, संपलं. विनयाला म्हणालो, ट्रंकेची किल्ली शोधून ठेव. ती म्हणाली, किल्ली गळ्यातच आहे, पत्र आणा.

रविवार, ६ मार्च.

यंत्राची परीक्षा घ्यायची तर आपणच पिठात काहीतरी घालायला हवं आणि यंत्राने ते पकडायला हवं. परदेशात असंच करतात, असणारच. सायकलवाल्याकडून बेअरिंगचे बारा छर्रे आणले. गोल, गुळगुळीत, तुरीच्या डाळीएवढे. मूठभर छर्रे पिठात टाकायचे, बारा वेळा घंटा वाजणार, बारा परत मिळणार.

विनयाने एक छर्रा चिमटीत धरून पाहिला. म्हणाली, म्हणजे बिस्किटात लोखंड जाऊ नये म्हणून तुम्ही लोखंड टाकून राहिले? असं म्हटल्यावर ते विचित्र वाटतं खरं. पण ती ज्या सुरात म्हणाली त्या सुरात काहीही विचित्र वाटेल.

मंगळवार, १५ मार्च.

तालीम. बारा टाकले, बारा घंटा, बारा परत. पुन्हा तालीम. बारा. आता फक्त प्रसंग यायचा आहे.

भूरीबाईला सांगितलं, पुढच्या महिन्यापासून तुम्हा लोकांना टिचक्या मारायचे श्रम नाहीत. तिला आनंद व्हायला हवा होता. तिने विचारलं, मग आम्ही आठ जणींनी काय वाजवायचं? मी म्हणालो, बघू.

बुधवार, २३ मार्च. संध्याकाळ.

उद्या. स्वागताचं भाषण तयार, डाव्या खिशात. छर्रे मोजून बारा, उजव्या खिशात. विनया म्हणाली, आता तरी तो खिसा शिवू द्या, आणि या उकाड्यात लोकरीचा कोट घालून भट्टीजवळ उभे राहाल तर वितळाल. मी म्हणालो, उद्या रात्री शीव, उद्या रात्री सगळं शीव. ऐन लढाईच्या तोंडावर कोणी चिलखत शिंप्याकडे देतं का?

गुरुवार, २४ मार्च.

वर्णन शांतपणे करायचं आहे.

मेजर घोरपडे दहाला आले. उंच, मिशी तलवारीसारखी. मी पुढे होऊन मराठीत नमस्कार केला आणि कोल्हापूरकडचे का म्हणून विचारलं. त्यांनी इंग्रजीत सांगितलं की ते इथे बिस्किटांसाठी आले आहेत. शिस्तीचा माणूस. आवडला. भाषण खिशातच राहिलं.

शुद्धिघंटा समजावली. त्यांनी विचारलं, लोखंडाखेरीज काय पकडते. पुढचा टप्पा, म्हणालो. मग प्रयोग. उजव्या खिशात हात घालून सगळे छर्रे मुठीत घेतले आणि सर्वांसमोर, जरा थाटानेच, पिठात सोडले. किती, त्यांनी विचारलं. बारा, मी ठणकावून सांगितलं.

घंटा वाजू लागली. रामपाल एकेक छर्रा काढून ताटलीत टाकत होता. सेठजी मोठ्याने मोजत होते. नऊ. दहा. अकरा.

मग शांतता.

पीठ घसरून संपलं. मी पन्हळ ठोकली. चुंबक पुसला. घंटेकडे पाहून मान हलवली. काही नाही. मेजर म्हणाले, म्हणजे एक छर्रा आत गेला आहे. मी समजावलं की छर्राच भेसळीचा असावा, हल्ली बाजारात चुंबकाला न चिकटणारं लोखंडही विकत असतील. ते म्हणाले, माझ्या जवानाचा दात त्या लोखंडाला नक्की चिकटेल. मग सेठजींना म्हणाले, हा घाणा असाच मळा, भाजा आणि मला त्यातून तो छर्रा काढून दाखवा. शनिवारी चारला येतो. छर्रा नाही तर कंत्राट नाही.

चार हजार बिस्किटं.

सेठजी आपल्या खुर्चीकडे वळले. वडिलांच्या घड्याळाला किल्ली देत बसले. ते चालत नाही हे त्यांना माहीत आहे.

शुक्रवार, २५ मार्च.

बायकांनी दिवसभर चार हजारांपैकी दोन हजार बिस्किटं टिचक्या मारून पाहिली. बसक्या आवाजाची चौदा निघाली. फोडली. खडे तीन, सुतळीचा धागा, भूरीबाईच्याच बांगडीचा लाखेचा तुकडा, जो तिने स्वतः काढून सेठजींसमोर ठेवला आणि हातातल्या सगळ्या बांगड्या काढून पदरात बांधल्या. आणि जांभळा डाग दोन. छर्रा नाही.

माझं मत विचारलं गेलं नाही. तरी दिलं: छर्रा भट्टीत वितळला असावा. रामपाल म्हणाला, मग भट्टीही वितळायला हवी.

दोन बाया उद्या येऊ शकणार नाहीत. सेठजी म्हणाले, स्टाफच्या घरून कोणी निवडायला येईल का. मी वही उघडून लिहायला घेतलं. आपल्या घरची बाई अशा कामाला कशी पाठवायची.

घरी विनयाला सगळं सांगावंच लागलं. तिने एकच प्रश्न विचारला, छर्रे कुठल्या खिशात होते. मी म्हणालो, हा घरगुती प्रश्न नाही, तांत्रिक आहे. ती बराच वेळ माझ्या कोटाकडे बघत राहिली. मी कोट घालूनच झोपायला गेलो. सध्या माझ्या बाजूने तो एकटाच आहे.

शनिवार, २६ मार्च.

नऊ वाजता कारखान्याच्या दारात टांगा थांबला. विनया उतरली. हातात घरचं सूप. सरळ सेठजींकडे जाऊन म्हणाली, बिस्किटं निवडायला माणसं हवी आहेत ना. सेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

भूरीबाईने तिला शेजारी बसवलं. अर्ध्या तासात दोघी बहिणी असल्यासारख्या. भूरीबाई तिला टिचकी शिकवत होती आणि विनया तिला सुपात बिस्किटं हलकेच झुलवून जड बिस्किट मागे कसं राहतं ते दाखवत होती. एकीला हिंदी मोडकी येते, दुसरीच्या हिंदीत निम्मी मारवाडी असते, पण दोघी सारख्या हसत होत्या. कशाला, ते विचारायला जवळ गेलो की थांबत होत्या.

चार वाजेपर्यंत सगळी चार हजार झाली. छर्रा नाही.

मेजर आले. सेठजींनी हात जोडले. टेबलावर बिस्किटांत सापडलेल्या वस्तू मांडल्या होत्या. मेजरनी एकेक उचलून पाहिली. खडे. धागा. लाख. मग त्यांनी एक जांभळा कण बोटावर घेऊन ओला केला आणि तळहातावर रेघ ओढली. जांभळी रेघ उमटली. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मी ओठ मिटले.

पण छर्रा नाही, ते इंग्रजीत म्हणाले आणि टोपी उचलली. सेठजी खुर्चीत बसले. भूरीबाईच्या पाच बायका उभ्या होत्या, कंत्राट गेलं तर आधी कोणाचं काम जाणार हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. मला पहिल्यांदाच जरा गरगरलं. उकाड्याने.

तेव्हा विनया उठली. सगळ्यांदेखत मला म्हणाली, काढा बरं तो कोट, घामाने निथळून राहिले तुम्ही. मी हळूच म्हणालो, इथे नको. ती म्हणाली, इथेच. वीस वर्षांच्या संसारात हा सूर मी तीनदाच ऐकला आहे. काढला.

तिने कोट उलटा केला. उजव्या खिशातून हात घातला तो अस्तरातून थेट खालच्या कडेपर्यंत गेला. मग पन्हळीजवळ जाऊन तिने तो कोट, अंगणात चादर झटकावी तसा, पन्हळीवर झटकला. आधी सुपारीची खांडं पडली. मग तपकिरीची डबी, जी मी सोडली आहे. मग पेन्सिलीची दोन टोकं, तीळ, थोडा गूळ.

आणि घंटा वाजली.

रामपालने छर्रा काढून ताटलीत टाकला. टण्ण. बारा, सेठजी म्हणाले. फार हळू म्हणाले.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवणं आवश्यक आहे, कारण दुसरं कोणी नोंदवणार नाही. यंत्राने बारापैकी बारा छर्रे पकडले. शुद्धिघंटा शंभर टक्के यशस्वी.

मेजर घोरपडे टोपी काखेत धरून विनयासमोर आले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, वहिनी, तुम्ही कुठल्या? ती म्हणाली, नागपूरकडची. ते म्हणाले, आमच्या आई तांदूळ निवडायच्या, तुमच्यासारख्याच, बोलता बोलता, ताटाकडे न बघता. मग दोघं दहा मिनिटं बोलत राहिले. कोल्हापूर, गूळ, त्यांच्या आईचे गुडघे. मी शेजारीच होतो, सदऱ्यात.

जाताना सेठजींना इंग्रजीत दोन अटी घातल्या. हाताने निवडणं चालू राहील आणि त्यावर नजर ठेवायला या बाईंसारखं कोणी हवं. दुसरी, ज्याच्या कपड्याला खिसा, बटण किंवा हातात पेन्सिल असेल त्याला आत पाऊल टाकू द्यायचं नाही. दुसरी अट कोणाबद्दल होती ते त्यांनी सांगितलं नाही. सैन्यात मोघम बोलायची पद्धत असते.

कंत्राट मिळालं. माझ्या यंत्रामुळे, मुख्यतः.

सोमवार, २८ मार्च. पाडवा.

कामावरून दुपारीच आलो. दारात गुढी, आणि घरात शिरताच वास. थांबून पुन्हा घेतला. पुरणाचाच.

ट्रंक उघडी. पुरणयंत्र ओट्यावर, घासूनपुसून. डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे पत्र आलं. सेठजींनी माणूस पाठवून घरी पोचवलं असणार, माझ्या तोंडावर सांगायला लाजले असतील. मी म्हणालो, विनया, मी सांगितलं होतं ना. ती पोळी लाटत होती. म्हणाली, पत्र देवापुढे ठेवलं आहे, वाचा.

वाचलं. इंग्रजीत होतं, टाइप केलेलं, सेठजींची सही. निवड विभागाच्या प्रमुख म्हणून कायम नेमणूक. प्रोबेशन नाही. नाव: श्रीमती विनया प्रल्हाद खानझोडे.

दुसऱ्यांदा वाचलं. नावात माझंही नाव आहे. मधोमध आहे.

तिने गरम पोळी वाढली, तूप सोडलं आणि म्हणाली, खा. भूरीबाईने तुमच्यासाठी सेठजींना सांगितलं आहे, काहीतरी निघेल. चार पोळ्या खाल्ल्या. दुःखात भूक लागते हे शास्त्रात कुठेतरी असेल.

सोमवार, ४ एप्रिल १९६०.

आज प्रोबेशन संपलं. मी कायम झालो. सेठजींचं घड्याळ काही केल्या चालत नाही, तेव्हा पाळीचा भोंगा द्यायला कोणीतरी हवंच होतं. शुद्धिघंटा पन्हळीवरून काढून फाटकाशी लावली आहे. सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी पाचला ती मी वाजवतो. मधल्या वेळात आत जाणाऱ्या प्रत्येकाचे खिसे तपासून वस्तू लिहून ठेवायच्या. विचार केला तर ही बढतीच आहे. परकीय पदार्थ बिस्किटापाशी पकडण्यापेक्षा फाटकापाशीच पकडणं केव्हाही शास्त्रीय.

सगळ्यांना नवे पांढरे कोट मिळाले, विनयाने स्वतः बेतून शिवलेले. बटणं नाहीत, बंद आहेत. खिसा नाही. एकही नाही. उजवीकडे हात घालायला गेलो तर हात मांडीवरून घसरला. आता ही वही हातात धरून लिहितो आहे, फाटकाच्या आत उभा राहून.

पावणेआठला विनया भूरीबाईबरोबर टांग्यातून उतरली. डोक्याला पांढरा रुमाल. नियमाप्रमाणे मी तिला विचारलं, काही परकीय पदार्थ? ती म्हणाली, माझ्याकडे नाही. आणि माझ्या वहीकडे हात पुढे करून उभी आहे. मागे भूरीबाई रजिस्टर उघडून धरते आहे. लिहायला मलाच सांगताहेत, म्हणून आधी इथे लिहितो.

जमा: वही एक. पेन्सिल एक, टोक